कुकरचा खालचा डबा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 16 जानेवारी 2024 ला, नागपुरात आमच्या मानेवाड्याच्या घरात पाऊण डबा वरण कुकरच्या पाण्यात सांडलं. या लेखाची सुरुवात तिथून आहे. शेवट 2025 च्या ऑगस्टमध्ये आहे. मधल्या दीड वर्षात कुकरमधला डबा उचलायचा एक चिमटा बनवताना आणि त्याच्या डिझाइनची नोंदणी करताना मी जे धक्के खाल्ले ते दुसऱ्या कुणाला खावे लागू नयेत म्हणून लिहितोय. मी इंजिनिअर नाही. धंतोलीत एका ऑफिसात हिशेब लिहितो.

बायको नर्स आहे, तिची ड्युटी सकाळी सातची असते, त्यामुळे सकाळचा कुकर माझ्याकडे. पाच लिटरचा कुकर, आत तीन डबे: खाली वरण, मध्ये भात, वर भाजीचे बटाटे. वरचा डबा कसाही निघतो. मधला सांडशीने निघतो. खालचा मात्र काढताना हमखास तिरपा होतो, कारण डबा आणि कुकरची भिंत यांच्यात सांडशीचं तोंड नीट शिरतच नाही. एका बाजूची कड धरायची, देवाचं नाव घ्यायचं आणि उचलायचं. आई हे काम पन्नास वर्षं पदराने करत आली. पण दोन वर्षांपासून तिचं उजवं मनगट दुखतं, आणि त्या दिवशी मी आंघोळीला गेलो असताना तिने कुकर उघडला. भाजलं नाही, एवढंच नशीब. ती गॅसचा कट्टा पुसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तूर एवढी महाग अन् म्या सांडवली."

दुकानात मिळणारं एखादं साधन आणू, असं आधी वाटलं. बर्डीच्या बाजारातून दोन प्रकारचे चिमटे आणले. एक रुंद होता, आत शिरलाच नाही. दुसरा शिरला, पण तो मुठीने जोरात दाबून धरावा लागतो. मनगट दुखणाऱ्या बाईच्या तो काय कामाचा? दाबायला न लागता धरणारं काहीतरी पाहिजे होतं.

ते 'काहीतरी' सुचलं ते बर्फावरून. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवात बर्फाची लादी यायची. माणूस ती लोखंडी चिमट्याने उचलायचा, आणि लादी जितकी जड तितका चिमटा तिच्यात घट्ट रुतायचा. कात्रीसारख्या दोन पट्ट्या, मध्ये एक रिव्हेट, म्हणजे त्यांना जोडणारी खिळी. वरची फाकलेली टोकं वर उचलली की ती एकमेकांकडे येतात आणि खालची टोकं आत दाबली जातात. म्हणजे डब्याचं वजनच डब्याला धरून ठेवणार. मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, उद्या सकाळची ड्युटी आहे माझी."

फेब्रुवारीभर मी पुठ्ठा आणि जाड तार यांच्याशी खेळलो. इथे पहिली टीप: काहीही बनवण्याआधी मोजा. मी घरातला, बहिणीचा आणि शेजारच्या काकूंचा असे तीन कुकर मोजले. डब्याच्या बाहेरची फट आमच्या कुकरात 9 मिलिमीटर, बहिणीच्या 8, काकूंच्या 5. डब्यांची कडसुद्धा सारखी नसते. काहींची बाहेर गुंडाळलेली असते, तिच्याखाली आकडा अडकतो. काहींची सरळ असते. हे आधी कळलं नसतं तर मी फक्त आमच्या घरच्या कुकरचं साधन बनवून बसलो असतो. (तसंही शेवटी थोडं तसंच झालं, ते पुढे.)

मार्चमध्ये नववीतल्या मुलीने कॉम्प्युटरवर चित्र काढून दिलं आणि एका ओळखीच्या पोराकडून थ्रीडी प्रिंट काढून घेतली. साडेतीनशे रुपयांना एक, अशा तीन आवृत्त्या. हातात घ्यायला फार छान वाटायचं. आकार कळायला हे उत्तम आहे, पण मी उत्साहात तो प्लास्टिकचा चिमटा थेट नुकत्याच उघडलेल्या कुकरात घातला. ते प्लास्टिक, ज्याला पीएलए म्हणतात, साधारण साठ अंशांनाच मऊ पडतं. शिट्टी होताना कुकरच्या आत एकशेवीस अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि झाकण काढल्यावरची वाफसुद्धा काही कमी नसते. मी डबा चार बोटं वर उचलला आणि चिमट्याचे दोन्ही पाय पावसात भिजलेल्या अगरबत्तीसारखे हळूच वाकले. डबा परत खाली. या वेळी आत फक्त पाणी होतं, एवढी अक्कल मला आली होती.

आता स्टीलच लागणार होतं. स्टील म्हटलं की वर्कशॉप, आणि वर्कशॉप म्हटलं की हिंगणा एमआयडीसी. लोकमान्यनगरपर्यंत मेट्रोने जायचं आणि तिथून ऑटो. पहिल्या तीन ठिकाणी मला चहा मिळाला, काम नाही मिळालं. एक-दोन नगाचं काम कोणाला नको असतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. मशीन सेट करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात त्यांचे दोनशे नग निघतात. चौथ्या ठिकाणी एक मिस्त्री भेटले. स्वतःचं छोटं शेड, एक प्रेस, एक आर्गॉन वेल्डिंग, एक बफिंगची, म्हणजे घासून चकाकी आणायची, मोटर. त्यांनी माझा वितळलेला नमुना उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हे बर्फवाल्याचा चिमटा हाय ना?" मला जरा राग आला, कारण मी तोवर मनात स्वतःला शोधक म्हणवून घेऊ लागलो होतो.

काम द्यायच्या आधी मी शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर एक साधा करार लिहून नेला: हे डिझाइन दोघांत राहील, कुणाला दाखवणार नाही. मिस्त्रींनी तो वाचून न हसता सही केली. त्याचा उपयोग किती मोठा होता ते मला पुढे कळलं.

स्टील घेताना एक धडा मिळाला तो सांगतो. बाजारात 304 आणि 202 अशा दोन जाती सर्रास मिळतात. 304 मध्ये निकेल जास्त, गंजायला चिवट. 202 मध्ये निकेल कमी आणि त्याऐवजी मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, म्हणजे 304." हे खरं नाही. 202 लासुद्धा चुंबक चिकटत नाही. वाफेत आणि मिठाच्या पाण्यात रोज जाणारी वस्तू असेल तर बिलावर जात लिहून घ्या. मी पहिल्यांदा नाही घेतली, आणि दुसऱ्या नमुन्याच्या रिव्हेटपाशी महिन्याभरात तांबूस डाग दिसायला लागले.

एप्रिल आणि मे हे दोन महिने नमुन्यांत गेले. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी उभं राहणं म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. मी ऑफिसातून अर्धी सुटी टाकून जायचो, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. मिस्त्री म्हणायचे, "सकाळी आठले येत जा ना भाऊ." आठला ऑफिस होतं.

खरी मारामारी झाली ती मुठीवरून. वरची टोकं एकमेकांपासून लांब ठेवली की पकड घट्ट होते, कारण उचलताना टोकांना फिरायला तरफ मिळते. पण मग ती एका मुठीत मावत नाहीत. जवळ आणली की मूठ आरामात बसते, पण पकड ढिली पडते आणि डबा सुळकन निसटतो. पहिल्या नमुन्यात टोकांत अकरा सेंटिमीटरचं अंतर होतं. दोन हात लागायचे. दुसऱ्यात चार सेंटिमीटर केलं. त्यात डबा धरलाच जाईना. मी आईचा हात वहीवर ठेवून पेन्सिलीने मुठीची रुंदी काढली: सात सेंटिमीटर. म्हणून तिसऱ्यात सात. पण सरळ टोकांवरून बोटं बाहेर सरकायची, विशेषतः हात ओला असेल तर.

यावरचा उपाय माझा नाही. मिस्त्रींनी पट्टी शिकंजात धरली, वरच्या टोकाला बाहेर एक पोट काढलं आणि टोक आत वळवलं. दोन्ही बाजूंना तसंच. बोटं त्या वळणाखाली जातात आणि बाहेर सरकतच नाहीत. वळवताना ते एक वाक्य बोलले, ते माझ्या वहीत आहे: "पट्टी वाकवली का थोडी मांगं येतेच साहेब, तिले जरा जास्तच वाकवा लागते." नव्वद अंश हवे असतील तर त्र्याण्णव-चौऱ्याण्णवपर्यंत न्यायचं, सोडल्यावर ती नव्वदला येऊन बसते. मी घरी कागदावर काढलेले कोन का जुळत नव्हते ते त्या दिवशी कळलं.

घरी नेलं तर आई म्हणाली, "हे तं बैलाची शिंगं झाली." तिने डाव्या हाताने पाण्याचा डबा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग मला म्हणाली, "आता आत वरण टाक." मी म्हटलं आधी दहा वेळा पाण्यानेच करू. "कायले एवढा भेतं? सांडलं तं सांडलं."

नाही सांडलं.

आता वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ज्यात रस असेल तो भाग: कागदपत्रं.

जूनमध्ये मी ठरवलं की पेटंट घ्यायचं. नागपुरात सिव्हिल लाइन्सला हिस्लॉप कॉलेजच्या रस्त्यावर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. पेटंटविषयीचं माहिती केंद्र नागपुरात 1975 पासून आहे. मी हातात फाइल आणि पिशवीत चिमटा घेऊन तिथे पोचलो, अर्ज भरायला. तिथे अर्ज भरतच नाहीत. ती प्रशिक्षणाची आणि माहितीची जागा. महाराष्ट्रातल्या माणसाचा पेटंटचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो, आणि डिझाइनचं काम कोलकात्याला चालतं. दोन्ही ऑनलाइन करता येतं, म्हणजे खरं तर घरून निघायचीच गरज नव्हती. माझी अर्धी सुटी वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही, कारण 'पेटंट' आणि 'डिझाइन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन मी शोध घ्यायला बसलो. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' नावाचा शोध आहे, तो फुकट आहे. परदेशी पेटंटं गूगल पेटंट्सवर दिसतात. पाच रात्री मी बर्फाचे चिमटे पाहिले. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन पेटंटं, शाईने काढलेली सुंदर चित्रं, आणि प्रत्येकात माझं रिव्हेट. विटा उचलायचे चिमटे. ओंडके उचलायचे चिमटे. गरम बरण्या उचलायचे चिमटे. पेटंटसाठी तीन गोष्टी लागतात: ती जगात नवीन हवी, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचली नसती अशी हवी, आणि कारखान्यात बनवता येण्यासारखी हवी. मिस्त्रींनी पहिल्या मिनिटाला जे ओळखलं ते पेटंट कार्यालयाच्या तपासनीसाला ओळखता आलं नसतं का?

मी तेव्हा पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या एका व्यावसायिकाकडे गेलो. नाव लिहीत नाही. त्यांनी माझा चिमटा हातात न घेताच सांगितलं की पेटंट 'नक्की' मिळेल, पंचेचाळीस हजार लागतील, निम्मे आज. मी शोधाचे छापील कागद पुढे केल्यावर ते म्हणाले, "ते आपण शब्दांत बसवू." मी चहा पिऊन निघालो. एक सांगतो: एकट्या व्यक्तीने ऑनलाइन पेटंट अर्ज केला तर सरकारी फी 1,600 रुपये असते, तपासणीच्या विनंतीची 4,000. बाकी सगळी त्या माणसाच्या कामाची फी. चांगलं काम करणारे लोक आहेत आणि त्यांची फी रास्त असते, पण जो आधी शोध न घेता 'नक्की' म्हणतो त्याच्यापासून जपा.

त्या रात्री मी खूप खट्टू झालो होतो हे कबूल करतो. पाच महिने, सात-आठ हजार रुपये, आणि माझा शोध माझ्या पणजोबांच्या वयाचा निघाला. जर्मनीत 1891 पासून अशा लहानसहान सुधारणांसाठी पेटंटपेक्षा हलका, वेगळा कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही. आपल्याकडे एक तर पेटंट, नाहीतर डिझाइन. डिझाइनची नोंदणी वस्तूच्या दिसण्याला मिळते: आकार, घडण, नक्षी. ती चालते कशी, याला नाही. म्हणजे रिव्हेटचं तत्त्व जगाचं, पण ती शिंगं? तसली शिंगं मला कुठल्याच चित्रात दिसली नव्हती. डिझाइनचा शोधही त्याच सरकारी संकेतस्थळावर फुकट घेता येतो. मी वर्ग 07, म्हणजे घरगुती वस्तू, यातले मिळतील तेवढे चिमटे पाहिले.

इथे दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची टीप. अर्ज करायच्या आधी वस्तू जगजाहीर झाली तर ती 'नवीन' राहत नाही. व्हॉट्सॅपचं स्टेटस नको, रील नको, प्रदर्शनात स्टॉल नको. विश्वासात घेऊन, गुप्ततेच्या अटीवर दाखवलेलं चालतं, म्हणून तो शंभर रुपयांचा कागद. माझ्या वहिनीने गणपतीत बचत गटाच्या स्टॉलवर दोन नमुने ठेवते म्हणून प्रेमाने विचारलं. मी नाही म्हटलं. ती दिवाळीपर्यंत रुसली. आईसुद्धा शेजारच्या काकूंना दाखवायला फार उतावीळ होती. तिला थांबवणं कोलकात्याच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करण्यापेक्षा अवघड गेलं.

सप्टेंबरमध्ये शेवटच्या नमुन्यासाठी पट्टी आणि मुठीवर चढवायला सिलिकॉनची नळी हवी होती. इतवारीत लोहा ओळीत जायचं ठरवलं आणि निघालो नेमका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नागपुरात राहून मारबतीचा दिवस विसरणारा मी एकटाच असेन. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे असे मिरवणुकीतले पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणणारी गर्दी. दुकानं बंद, रस्ता बंद. मी स्कूटर कुठेतरी लावून तासभर मिरवणूक पाहिली. परतताना एका पोराच्या हातात तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता. मी त्याच्या शिंगांचा बाक बघत बसलो, तर त्याच्या बापाने मला संशयाने पाहिलं. पण त्यातूनच शेवटचा बदल झाला. आमची वळणं एकाच जाडीची होती. नंदीची शिंगं टोकाकडे निमुळती होतात. मिस्त्रींनी पट्टी लेझरवर तशी कापून आणली. वजन कमी झालं आणि बोटांना कडा टोचायची थांबली.

पण एक प्रश्न मला छळत होता. ती शिंगं मिस्त्रींनी वळवली होती. मग मालक कोण? डिझाइनच्या कायद्याप्रमाणे, दुसऱ्यासाठी मोबदला घेऊन केलेल्या डिझाइनचा मालक ज्याच्यासाठी केलं तो. मी प्रत्येक नमुन्याचे पैसे दिले होते. तरीही मी त्यांना विचारलं, दोघांच्या नावाने अर्ज करू का. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "मायं नाव कायले? माल बनवायचा तं माह्याकडूनच बनवा." आम्ही तेवढंच लिहून काढलं: डिझाइन माझ्या नावावर, उत्पादनाचा पहिला हक्क त्यांचा. तोवर नोव्हेंबर आला होता, आणि ऑक्टोबरपासून राज्यात शंभराचा स्टँपपेपर बंद होऊन पाचशेचा झाला होता. मार्चमध्ये शंभरात झालेलं काम नोव्हेंबरात पाचशेत झालं. असे करार करायचे असतील तर ते गृहीत धरा.

अर्जासाठी डिजिटल सही लागते, वर्ग तीनची. यूएसबीसकट मला 1,950 रुपये पडले. व्हिडिओवर तोंड दाखवून नाव सांगावं लागतं. दोन दिवसांत कुरियरने आली. ती संगणकावर चालू करायला आणखी तीन संध्याकाळी गेल्या. माझ्या मुलीचा यात मोठा वाटा आहे.

अर्जापेक्षा जास्त वेळ चित्रांना लागतो. वस्तूची सात दृश्यं द्यायची: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरकस. फोटो चालतात, पण पार्श्वभूमी स्वच्छ हवी, आणि मापं लिहायची नाहीत. मी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर टाकली, खिडकीपाशी चिमटा दोऱ्याने टांगला आणि दोरा नंतर चित्रातून काढून टाकला. प्रत्येक कागदावर नाव, एकूण कागद किती, हा कितवा, दृश्य कोणतं, तारीख, सही.

आणि प्रत्येक कागदावर दोन वाक्यं. एक, नावीन्य कशात आहे ते: दाखवलेल्या वस्तूच्या आकारात आणि घडणीत. दुसरं, कशावर हक्क सांगत नाही ते: या नोंदणीमुळे वस्तूच्या कुठल्याही यांत्रिक क्रियेवर किंवा रचनेच्या तत्त्वावर कोणताही दावा नाही. हे दुसरं वाक्य ठरलेलं असतं, नमुन्यातून उतरवायचं असतं. पण सात कागदांवर सात वेळा ते आपल्या हाताने लिहिताना मला जानेवारीतली ती साडेअकराची रात्र आठवत होती. जे सुचल्यावर मी बायकोला उठवलं होतं, त्यावरच माझा काही दावा नाही असं लिहून देत होतो. सातव्या कागदापर्यंत हसू यायला लागलं.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या मतदानाची सुटी होती. सकाळी मत देऊन आलो आणि बसलो. फी एकट्या माणसाला 1,000 रुपये. रात्री पैसे भरताना पान दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा 21 तारखेच्या सकाळी भरले गेले आणि अर्जाचा क्रमांक आला. पान अडकलं तर लगेच पुन्हा पैसे भरू नका, आधी खात्यातून गेले का ते पाहा. मी पाहिलं, म्हणून हजारच गेले.

त्याच संध्याकाळी आईने शेजारच्या काकूंना बोलावलं.

मग शांतता. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मी रोज स्थिती पाहायचो, मग आठवड्याने, मग विसरलो. 7 मार्च 2025 ला तपासणीचा अहवाल ईमेलवर आला. पाहून पोटात गोळा आला, पण आक्षेप साधे होते. माझं डावं आणि उजवं दृश्य अदलाबदल झालं होतं. खालून काढलेल्या फोटोत सावली पडल्यामुळे एक कड दिसत नव्हती. वस्तूचं नाव मी 'स्वयंपाकघरातील सोयीचे साधन' असं मोघम दिलं होतं, ते नेमकं करायला सांगितलं होतं. आणि आधीचं एक मिळतंजुळतं डिझाइन दाखवून फरक विचारला होता. हे आक्षेप अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत दूर व्हावे लागतात, अहवालाच्या तारखेपासून नाही. हा फरक लक्षात ठेवा. अहवाल साडेतीन महिन्यांनी आला तर तुमच्या हातात अडीचच उरतात. फी भरून तीन महिन्यांपर्यंत वाढवून मिळते, पण त्यावर विसंबू नका.

मी पुन्हा चादर, पुन्हा दोरा. फरक सांगताना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फक्त दिसणाऱ्या गोष्टी लिहिल्या: त्यांची मूठ बंद कडीची, आमची दोन उघडी, आत वळलेली, निमुळती टोकं. 'आमचा जास्त घट्ट धरतो' हे वाक्य लिहून खोडलं. घट्ट धरण्याचा इथे संबंध नव्हता. 2 एप्रिलला उत्तर पाठवलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं, फी भरून पुढे आणखी पाच. म्हणजे 21 नोव्हेंबर 2034 च्या आत मुदतवाढीचा अर्ज करायचा. मुलीने ती तारीख कपाटाच्या आतल्या दारावर मार्करने लिहून ठेवली आहे. तेव्हा ती चोवीस-पंचविशीची असेल.

खर्च विचारणारे भेटतात म्हणून: तीन प्रिंट 1,050, स्टील 1,100, वर्कशॉपचे सहा नमुने 4,200, दोन स्टँपपेपर 600, डिजिटल सही 1,950, सरकारी फी 1,000. एकूण 9,900. मेट्रो, ऑटो आणि अर्ध्या सुट्या धरलेल्या नाहीत. पुढे विक्री करायची म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी तशीच दिसणारी पानं असतात, त्यांच्या नादी लागू नका.

ऑगस्टमध्ये मिस्त्रींनी शंभर नग काढले, एक 118 रुपयांना, बफिंगसकट. बासष्ट गेले आहेत, बहुतेक ओळखीत. वहिनीने आता स्टॉलवर ठेवले, रुसवा संपला. दोन परत आले. एक रिव्हेट ढिलं झालं म्हणून, ते मिस्त्रींनी बदलून दिलं. दुसरा शेजारच्या काकूंचा. त्यांच्या कुकरात फट पाचच मिलिमीटर, आणि आमची पट्टी वळणासकट सहा. मी हे पहिल्या महिन्यातच वहीत लिहिलं होतं आणि शिंगांच्या नादात विसरलो. आता विकताना आधी विचारतो, कुकरची फट किती? लोक माझ्याकडे बघतात. मग मी खिशातून सहा मिलिमीटरची एक पट्टी काढून देतो, घरी जाऊन घालून बघा म्हणतो.

काकूंसाठी बारीक आवृत्तीचं मिस्त्रींशी बोलणं चालू आहे. पट्टी बारीक केली की ती वाकते, जाड केली की शिरत नाही. पुढच्या शनिवारी सकाळी आठला जाणार आहे.